अख्ख्या गावाच्या वतीनं

दुसऱ्या डबीतही तेच होतं. तिसरीतही तेच. चौथी डबी एका तीन वर्षांच्या पोराची आणि पाचवी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या कोळ्याची, तरी दोघांत तिळाचाही फरक नाही. मी डोळे चोळले, मायक्रोस्कोपचा आरसा पुन्हा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला आणि नवी काच लावली. पातळ कवचाची, स्वच्छ, लांबट अंडी. पुन्हा तेवढीच दाटी.

"मसांजा!" मी खिडकीतून हाक मारली. "या डब्या तू घरोघर जाऊन आणल्यास ना?"

मसांजा आमचा ड्रायव्हर. जीपच्या सावलीत बसून तो शेंगा फोडत होता. "घरोघर कशाला, मामा? बीबी होलो म्हणाल्या, मी गोळा करते. सकाळी पाटी भरून आणून दिल्या त्यांनी. तेवढीच आपली पायपीट वाचली."

तिकडे बाईमाणसाला मामा म्हणतात आणि आजीला बीबी. मी हे पत्रातून कळवलं तेव्हा जळगावचा माझा भाऊ महिनाभर हसत होता.

"पायपीट वाचली काय? इकडे ये आणि बघ जरा."

इतकी वर्षं आमच्याबरोबर हिंडून त्यालाही थोडंफार कळायचं. त्यानं दोन काचा पाहिल्या, मग चार डब्यांची झाकणं उघडून आत डोकावला. सगळीकडे एकच काळसर रंग. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"अहो मामा, एकाच माणसानं अख्ख्या गावाचं काम उरकलंय!"

मलाही हसू आवरेना. हसण्यासारखंच होतं. आमच्या मिशनच्या दवाखान्यानं व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या गावांत पाहणी काढली होती: किती माणसांच्या पोटात जंत आहेत, आणि कुठले. टांझानियाच्या त्या भागात हा प्रश्नच लोकांना विनोदी वाटायचा. पोट आहे म्हणजे जंत असणारच, असं शेंबडी पोरंसुद्धा मला समजावून सांगायची. पण सगळ्या गावांना पुरतील एवढ्या गोळ्या मिळवायच्या, तर 'पुष्कळ आहेत हो' म्हणून भागत नाही. माणसागणिक शौचाची डबी तपासून दाखवावी लागते. ते काम माझ्याकडे. माझा नवरा तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनिअर होता आणि मी दवाखान्याच्या लॅबमध्ये. इसेंगा हे आमच्या पाहणीतलं शेवटचं गाव. शाळेला सुट्टी होती म्हणून एक वर्ग आम्हाला मिळाला होता.

हसता हसता मी सवयीनं अंडी मोजायला लागले, आणि हसू जागच्या जागी थांबलं. ही हूकवर्मची अंडी. हा किडा अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला दात रोवून बसतो आणि रक्त पीत राहतो. थोडे असले तर माणूस वर्षानुवर्षं निभावून नेतो. पण एका काचेवर एवढी अंडी म्हणजे आत किड्यांची वस्तीच. डबीतला तो काळा रंग रक्ताचा होता. असा एक धिप्पाड माणूस मी आमच्या दवाखान्यात पाहिला होता. पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आला, शेवटच्या पायरीवर दम खायला बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

"मसांजा, हे ज्याचं कुणाचं आहे ना, त्याच्या अंगात रक्त उरलेलं नाही."

त्याचं हसू मावळलं. "पण आहे कुणाचं?"

"तेच शोधायचंय. आणि फेरीबोट सुटायच्या आत."

इसेंगा आणि आमचा दवाखाना यांच्यामध्ये सरोवराचा एक फाटा आत घुसला होता. दुपार कलली की शेवटची फेरीबोट. ती चुकली, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत गावाबाहेर पडायची सोय नाही.

बीबी होलो काठावर होती. वाळूवर अंथरलेली बोटभर लांबीची मासळी उलटीपालटी करत होती. सत्तरीची बाई, पण गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या आणि पुरुष तिच्या शब्दाबाहेर असल्याचं नुसतं सोंग करत. मी समोर एक डबी धरली.

"बीबी, या सगळ्या डब्यांत एकाच माणसाचं आहे."

"असं?" तिनं डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्ही सगळे एकाच सरोवराचं पाणी पितो, एकच मासळी खातो. आत एकच जाणार, बाहेरही एकच येणार."

आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग आला, पण राग गिळला.

"मी भांडायला आले नाही. पाहणी गेली खड्ड्यात. हे ज्याचं आहे तो माणूस मरायला टेकलाय. मला फक्त तो दाखवा."

हसणं थांबलं. पण बायका पुन्हा मासळी उलटवू लागल्या. मग मी तिथंच वाळूत उभी राहिले आणि एकेकीला बोलावून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहू लागले. रक्त कमी असलं की ती आतून पांढरी दिसते. बायका आल्या, पोरं आली, जाळी विणणारे पुरुषही शेवटी नाइलाजानं आले. कुणाची जरा फिकट, कुणाची बरी. पण जिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, ती पापणी त्यांत नव्हती.

"इथं नसलेलं कोण आहे?" मी विचारलं.

"सगळे आहेत," बीबी म्हणाली.

बाजूला उभ्या असलेल्या एका मुलीनं मान वर केली, बीबीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी ते पाहिलं. मी पाहिलं, हे बीबीनंही पाहिलं.

मसांजा माझ्या कानाशी लागला. "मामा, बोट पलीकडून निघाली. आपण आवरायला हवं."

"बीबी, तुम्ही त्याला मारताय," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "तुम्ही. मी नाही, किडा नाही."

आता ती उठली. हातातली मासळी तिनं खाली टाकली आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मला एक सांग. अंगातून निघालेली वस्तू परक्याच्या हातात कुणी देतं का? तू कोण, तुझी माणसं कोण, आम्हाला काय ठाऊक? डब्या भरून गाडीत घालून नेशील. तिकडे त्याचं कोण काय करेल? पोराच्या अंगातलं तुला देऊ, आणि पोराला उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जाऊन रडू?"

माझ्या आईनं माझी नखं कधी उंबऱ्यावर पडू दिली नाहीत. विंचरताना निघालेले केस गुंडाळून, त्यावर थुंकून ती चुलीत टाकायची; कुणाच्या हाती लागले तर करणी करतील म्हणून. शिकल्यावर मी तिला हसायचे. पण नखं कापली की अजूनही कागदात गोळा करून टाकते, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी शाळेत गेले. पिशवीतून एक कोरी डबी घेतली आणि शाळेच्या मागच्या संडासात जाऊन बसले. हे लिहितानाही मला हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. पोटाला घाई नव्हती आणि बोट थांबणार नव्हती. कसंबसं काम झालं. डबीचं झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि काठावर परत आले.

"ही माझी," मी डबी बीबीपुढे धरली. "तुमच्याकडे ठेवा. तुमच्या डब्यांचं मी वाईट केलं, तर हिचं तुम्हाला हवं ते करा."

मसांजाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. "मामा, हे करू नका," तो पुटपुटला. माझ्या डबीला हात लावायला बीबीही धजेना.

"तुला काही झालं तर रडायला कोण आहे?" तिनं विचारलं.

"नवरा आहे. लेक आहे, सात वर्षांची. गावाकडे आई आहे, भाऊ आहे."

"एवढी माणसं असून देतेस?"

"एवढी माणसं आहेत म्हणूनच डबी देण्याला अर्थ आहे, बीबी. नाहीतर तुम्ही कशाला विश्वास ठेवाल?"

तिनं डबी घेतली, कमरेला गुंडाळलेल्या रंगीत कापडात, कांग्यात खोचली, वर गाठ मारली आणि चालू लागली. मी मागोमाग. गावाची शेवटची झोपडी मागे पडली, केळी मागे पडल्या. लव्हाळ्यांजवळ, जिथं लोक परसाकडला जात, त्या ओल्या जमिनीला लागून एक खोपट होतं.

दारातच ती बसली होती. विशीचीही नसेल. दिवस भरत आलेलं पोट, सुजलेले अनवाणी पाय, आणि हातात वारुळाच्या मातीचं ढेकूळ. ती ते खात होती. रक्त आटलेल्या बाईला मातीचे डोहाळे लागतात, हे मला ठाऊक होतं. मी तिची पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं. ओठही तसेच. बसल्या जागी तिला धाप लागली होती.

"नाव काय तुझं, पोरी?"

"वेनेरांडा." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

मी बीबीकडे वळले. "हिचीच निवड का केलीत?"

बीबीनं लपवलं नाही. "ती इथली नाही. आमच्यातला एक कोळी किगोमाकडून तिला घेऊन आला. त्याला सरोवरानं नेलं. त्याच्या मागे घर नाही, दार नाही. हिला काही झालं असतं, तर गावातली कुठलीच चूल विझली नसती. म्हणून."

वेनेरांडाला वाटलं, मी रागावलेय. तिनं माझा हात धरला. "मामा, त्यांना बोलू नका. त्यांनी मला पाटीभर मासळी दिली. मीच हो म्हटलं." धाप आवरून ती पुढं म्हणाली, "नवरा गेल्यापासून गावानं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं."

मला रडू कोसळणार होतं. पण बोटीचा भोंगा वाजला आणि रडायला वेळच उरला नाही.

बीबीनं हाळी दिली तशी तिची दोन्ही मुलं खाट घेऊन धावली. वेनेरांडाला खाटेवरून जीपपर्यंत आणलं, मागच्या बाकावर निजवलं. बीबी न विचारताच चढून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, धाकटा मुलगा पायरीवर लटकला. मसांजानं ती जीप खाचखळग्यांतून कशी हाकली, ते त्याचं त्याला माहीत. वाटेत वेनेरांडा दोनदा कण्हली आणि मग गप्प झाली. मी तिची नाडी धरून होते. नाडी पळत होती, पण इतकी बारीक की सुटेल असं वाटायचं.

धक्क्यावर पोचलो आणि माझं धाबं दणाणलं. बोट सुटली होती. फार लांब नव्हती, पण मध्ये पाणी होतं. मसांजानं हॉर्नवरचा हात उचलला नाही. बोटीवरच्या तांडेलानं आमच्याकडे पाहिलं आणि हात हलवून 'उद्या' अशी खूण केली.

"आजारी माणूस आहे!" मी जीव खाऊन ओरडले. "गरोदर बाई आहे!" त्यानं पुन्हा तीच खूण केली. आजारी माणसं रोजचीच, आणि डिझेल मोजून मिळायचं.

बीबीनं वेनेरांडाचं डोकं अलगद बाकावर ठेवलं. खाली उतरली, कांगा गुडघ्यावर खोचला आणि चालत पाण्यात शिरली. तिथं उभी राहून तिनं जी आरोळी ठोकली, ती आम्ही आपसांत बोलायचो त्या भाषेत नव्हे, गावच्या सुकुमा भाषेत होती. मला एक अक्षर कळलं नाही. धक्क्यावरची माणसं मात्र माना वळवून तिच्याकडे पाहू लागली. बोटीचं इंजिन मंद झालं. मग बोट हळूहळू तोंड फिरवून परत येऊ लागली.

"काय म्हणाल्या त्या?" मी मसांजाला विचारलं.

"म्हणाल्या, 'माझी सून मरतेय. पोटात माझं नातवंड आहे.'"

बोट पुन्हा सुटल्यावर मी बीबीच्या शेजारी जाऊन बसले. "बीबी, सून?"

तिनं नजर सरोवरावरून काढली नाही. "एवढ्या लोकांसमोर बोलले. आता ते परत कसं घेऊ?"

वेनेरांडाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, तिची शुद्ध गेली. पण तिच्या मुठीत बीबीच्या कांग्याचं टोक होतं, आणि दवाखान्यात खाटेवर निजवतानाही ते सोडवताना आम्हाला बोटं एकेक करून उघडावी लागली.

डॉक्टर कायोम्बोंनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रक्त हवं, आत्ता. सावकाश चढवावं लागेल, हृदय थकलंय. कळा सुरू झाल्या तर हातात काही राहणार नाही. नातेवाईक कोण?"

"मी सासू," बीबी म्हणाली. "आणि हा दीर." तिनं धाकट्याला पुढे ढकललं.

एवढा दांडगा गडी, पण सुई पाहून तो दोन पावलं मागे सरकला. "आई, रक्त? अंगातलं?"

"डबी द्यायला घाबरलास," बीबी म्हणाली. "आता बाटली दे."

मी त्याचं रक्त तपासलं. देव पावला, जुळलं. थेंब थेंब करत ते वेनेरांडाच्या अंगात जायला लागलं. आम्ही तिघी जणी, म्हणजे मी, नर्स आणि बीबी, त्या नळीकडे पाहत बसलो. मध्ये एकदा वेनेरांडाचा श्वास घुरघुरला आणि डॉक्टरांनी नळी बंद केली. ती पुन्हा उघडेपर्यंत बीबी काहीतरी पुटपुटत होती. पुढे दोन दिवसांनी वेनेरांडा बाळंत झाली. मुलगी. मूठभर, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

वर्षानं पाहणीसाठी आम्ही पुन्हा इसेंग्याला गेलो. या वेळी कुणी डब्या पाटीत भरून आणल्या नाहीत. बीबी होलो स्वतः शाळेच्या दारात आली आणि आपली डबी सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर आदळली. तिच्यामागे रांग लागली होती. कुणी लाजत, कुणी नाक मुरडत, पण ज्यानं त्यानं आपापलीच आणली. काचांवर या वेळी नाना प्रकार होते. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. अशा दृश्यानं आनंद व्हावा, हा आमच्या धंद्याचा चमत्कारिकपणा.

"आणि माझी कुठाय?" मी बीबीला हळूच विचारलं.

"उंबऱ्याखाली पुरलीय, खोल. माझ्याच घरात. कुणाच्या हाती लागायची नाही." मग डोळे बारीक करून म्हणाली, "परत नाही देणार."

रांगेच्या शेवटी वेनेरांडा उभी होती. मी तिला ओळखलंच नाही आधी. गाल भरले होते, पायांत टायरच्या चपला होत्या आणि पाठीवर कांग्यात बांधलेली पोर माझ्याकडे टकामका पाहत होती. मी खुर्चीवरून उठलेच. तिची पापणी ओढून पाहिली. आतून छान गुलाबी.

"तुझी डबी?" मी हात पुढे केला.

वेनेरांडानं मान हलवली. "नाही देणार, मामा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अगं, मागच्या वर्षी तर अख्ख्या गावाची दिलीस!"

"तेव्हा दिली." ती पाठीवरच्या पोरीला थोपटू लागली. "आता मला लेक आहे. सासू आहे, दीर आहेत. मला काही झालं तर त्यांचं काय? गोळी मात्र द्या, मी तुमच्यासमोर खाते."

बीबी पुढे झाली. "थांब, मी समजावते तिला."

"नको, बीबी," मी म्हणाले. "राहू द्या."

वेनेरांडानं शेंगदाण्याबरोबर गोळी खाल्ली, आणि जीभ बाहेर काढून दाखवली. मी तिची रिकामी डबी पुसून परत पिशवीत ठेवली. इसेंग्याच्या पाहणीत त्या वर्षी एक माणूस कमी भरलं. वरून कुणी विचारलंच तर काय सांगायचं, याचा परतीच्या बोटीत मी विचार करत होते. काही सुचायच्या आधी डोळेच भरून आले, आणि मसांजानं पाहिलं न पाहिलंसं करून माझ्यापुढे शेंगा धरल्या.